गाडीचं इंजिन, विमानाचं काम: रिबिल्ड करून घेतलं, ६२ तास उडवलं, आता रिव्ह्यू

इंजिन बांधून देणाऱ्या शॉपचं नाव लिहीत नाहीये, आधीच सांगतो. दोन-तीन तक्रारी आहेत, माणसं मनापासून काम करणारी आहेत, दुकान छोटं आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. शिवाय नाव कळून फार उपयोग नाही, अशा ठिकाणी नेमकं काय बघायचं हे कळलं तर कुठलंही शॉप तुमचं तुम्ही पारखाल. स्टार द्यायचेच तर पाचपैकी चार. पाचवा कुठे गेला ते पुढे येईलच.

माझं विमान एका सीटचं, लाकूड-कापडाचं, घरी बांधलेलं, आणि नाकात बीटलचं एअर-कूल्ड फोक्सवॅगन इंजिन. मूळचं १६०० म्हणजे खरं तर १५८५ सीसी, ८५.५ मिमीचा बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि ६९ मिमीचा स्ट्रोक (पिस्टनची धाव). त्यात ९२ चे सिलिंडर-पिस्टन बसवले की १८३५ सीसी होतं, ३२०० आरपीएमच्या आसपास साधारण ६० हॉर्सपॉवर मिळते, प्रॉप म्हणजे प्रॉपेलर थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, मधे गिअरबॉक्स नाही पट्टा नाही. गाडीचं इंजिन विमानात घालणं हा काही आजचा उद्योग नाही, अमेरिकेत पीटनपॉलने १९२९ मधे फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लावून एअर कॅम्पर हे आपलं विमान उडवलंच होतं. आणि बीटल तर २ कोटी १५ लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे पार्ट मिळतो आणि ज्याला त्याला वाटतं की हे इंजिन मला येतं. तिथेच गोम आहे. गाडीतलं इंजिन येणं वेगळं आणि हेच इंजिन विमानात येणं वेगळं. हे मला एकदा हात पोळल्यावर कळलं.

झालं काय, तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट. ॲल्युमिनियमचे पुशरॉड असतील तर क्लिअरन्स थंड इंजिनावर ०.१५ मिमी. मी दर २५ तासांनी बघतो. एकदा ३ नंबरच्या एक्झॉस्टला ०.१० निघाला, सेट केला, विसरलो. पुढच्या वेळी परत ०.१० च्या खाली. तेव्हा कान टवकारले. कारण टॅपेट सैल होत गेला तर एक वेळ झीज म्हणून सोडून देता येतं, पण घट्ट होत गेला तर एकतर व्हॉल्व्ह सीटमधे खाली बसतोय नाहीतर व्हॉल्व्हची दांडी ताणली जातेय, आणि ताणलेली दांडी एक दिवस तुटते, व्हॉल्व्हचं डोकं सिलिंडरमधे पडतं आणि पिस्टनचा चुरा होतो. गाडीत असं झालं तर टोइंगवाल्याला फोन लावायचा. वर असताना झालं तर खाली शेत शोधायचं.

गाडीत हा ३ नंबर आधीपासूनच बदनाम, कारण ऑइल कूलर नेमका त्याच्या हवेच्या वाटेत उभा असतो. माझ्यात कूलर बाहेर काढलेला, तरी ३ च. कारण प्रॉप पुलीच्या बाजूला लावला की १ आणि ३ मागे जातात आणि त्यांना पुढच्यांची उरलीसुरली हवा मिळते. लीक-डाउन टेस्ट केली, म्हणजे बंद सिलिंडरमधे ८० पीएसआय हवा सोडून किती टिकते ते बघितलं, तर बाकीचे तिघे सत्तरच्या पुढेमागे आणि ३ नंबर ५८. एक्झॉस्ट पाइपला कान लावला तर फुस्स आवाज स्पष्ट येत होता, म्हणजे व्हॉल्व्हच. कार्ब्युरेटरमधून आला असता तर इनटेक, ब्रीदरमधून आला असता तर रिंगा. एवढं निदान घरी करता येतं, त्याला शॉप लागत नाही, ज्यांना वाटतं की लागतं त्यांनी हे लीक-डाउनचं एक मशीन घ्याच. गरम झाल्यावर ऑइल प्रेशरही ३००० आरपीएमला २२ पीएसआयवर आलं होतं. हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना अडाणी हिशोब धरला तर ३० तरी पाहिजे होतं.

आता थोडं मागे जातो. हे इंजिन १८० तासांपूर्वी मी एका चांगल्या, म्हणजे खरंच चांगल्या कार मशीन-शॉपमधून बांधून आणलं होतं. स्वच्छ काम, वेळेत, बिल व्यवस्थित, इंजिन आरशासारखं चमकत होतं. क्रँक त्यांनी पहिल्या अंडरसाइजला म्हणजे मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी बारीक घासला होता. मी खूश. तेव्हा मला कोणी रिव्ह्यू लिहायला सांगितला असता तर पाच स्टार दिले असते, बिनधास्त.

ह्यावेळी मात्र विमानाची कन्व्हर्जनच बांधणाऱ्या शॉपला दिलं. म्हातारे मालक आणि त्यांची मुलगी, बास, दोघंच. ताई मोजमापं घेतात आणि कागद लिहितात, काका बांधतात. पहिली गोष्ट जी आवडली ती ही की इंजिन माझ्यासमोर उघडलं. काका मला म्हणाले, "तुम्ही इथे बसा, प्रत्येक पार्ट निघेल तसा टेबलावर ठेवा, नंतर आम्ही काय सांगतो त्यावर विश्वास ठेवायची पाळी येऊ नये." चार तास लागले. मधे मी प्रश्न विचारून डोकं खाल्लं असणार, पण काका उत्तर देत राहिले, फक्त हातात मायक्रोमीटर असताना बोलले नाहीत.

क्रँक निघाला, साफ केला, आणि ताईंनी मेन जर्नलच्या, म्हणजे क्रँकचा जो भाग बेअरिंगमधे फिरतो त्याच्या, कडेला नख फिरवलं. मला म्हणाल्या, तुम्ही फिरवून बघा. जर्नल जिथे संपतं आणि बाजूची भिंत सुरू होते तिथे काटकोन नसतो, बारीक गोलाई असते, त्याला फिलेट म्हणतात. माझ्या क्रँकवर दोन जर्नलना ती गोलाई ग्राइंडिंग व्हीलने खाऊन टाकली होती, नख कोपऱ्यात अडकत होतं. व्यास बरोबर, जर्नल सगळीकडून गोल, फिनिश छान, फक्त कोपरा धारदार. गाडीत असा क्रँक बहुधा चालून जातो, कारण त्याच्या टोकाला प्रॉप नसतो आणि जोरही बहुतेक वेळ किरकोळ असतो. विमानात त्याच्या टोकाला प्रॉप आहे आणि फिरता प्रॉप म्हणजे भला मोठा भोवरा. नाक वर घ्या, रडर मारा, हवेत धक्का बसू दे, भोवरा वळायला तयार नसतो आणि क्रँक दर फेऱ्याला वाकतो. ३००० आरपीएमला तासाला १ लाख ८० हजार फेरे. माझे १८० तास म्हणजे ३ कोटींच्या वर. धारदार कोपऱ्यातून भेग सुरू व्हायला अजून काय पाहिजे?

त्यात फोक्सवॅगनची अजून एक गंमत. चार मेन बेअरिंग, पैकी तीन ५५ मिमीची आणि चौथं फक्त ४० चं. आणि आपण प्रॉप लावतो नेमका त्या ४० वाल्या टोकाला, जिथे गाडीत पंख्याच्या पट्ट्याची पुली असते. बिचाऱ्याने पुली फिरवायची म्हणून जन्म घेतला. शिवाय तिथे चावीचा खाचा, आणि खाच्याचा कोपरा म्हणजे भेगेला आमंत्रणच. म्हणून क्रँक मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टला टाकला. चुंबकत्व देतात, लोखंडाच्या बारीक भुकटीचं द्रावण ओततात आणि अंधारात निळ्या-जांभळ्या दिव्याखाली बघतात. ताईंनी दिवा लावला आणि खाच्याजवळ एक हिरवट केस दिसला. खरोखर केसाएवढा, ६-७ मिमी. मी काही बोललो नाही. काका म्हणाले, "ह्याला काही करायचं नाही आता. हा तुम्ही घरी न्या, शोकेसला."

त्यावर मी बराच वेळ गप्प होतो, म्हणजे टॅपेटमुळे इंजिन उघडलं नसतं तर ही भेग कोणालाच दिसली नसती, व्हॉल्व्हने बोंब मारली म्हणून क्रँक सापडला, आणि मी त्याच क्रँकवर दर रविवारी वर जात होतो आणि खाली येऊन इंजिन किती गुळगुळीत चालतं म्हणून फुशारक्या मारत होतो. असो.

बाकीच्या पार्टचं सांगतो. केस म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच मॅग्नेशियमचं, हेड ॲल्युमिनियमची, त्यांना चुंबक लागत नाही, म्हणून तिथे डाय पेनिट्रंट. लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसायचं, वरून पांढरा डेव्हलपर मारायचा, भेग असेल तर लाल रेघ वर येते. माझ्या एका हेडला स्पार्क प्लगच्या भोकापासून एक्झॉस्ट सीटकडे जाणारी भेग निघाली, ह्या हेडांचं जगजाहीर दुखणं आहे ते. हेड बाद. ३ नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मोजला तर दांडी मानेजवळ बारीक झालेली, म्हणजे ताणलाच होता. गाइडही, म्हणजे ती दांडी ज्यात सरकते ती नळी, हलत होतं, आणि त्यात शिशाचा करडा थर. मी १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल वापरायचो, त्यात लिटरला जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम शिसं असू शकतं. विमानाच्या मोठ्या इंजिनांच्या मानाने हे इंजिन थंडच, शिसं नीट जळून बाहेर जात नाही, प्लगवर आणि गाइडमधे साठतं. बिनशिशाचं साधं पेट्रोल घालायचं तर इथेनॉलचा वेगळा ताप, रबराच्या नळ्या आणि फायबरच्या टाकीतलं रेझिन ह्यांच्याशी त्याचं पटत नाही. मी आता इथेनॉल नसलेलं मिळेल तेव्हा ते घालतो.

केसमधली मेन बेअरिंगची घरं मोजली, मधलं अंडाकृती झालेलं. मॅग्नेशियम मऊ, गरम झालं की फुगतं, मधलं बेअरिंग हातोडीसारखं ठोकत राहतं, म्हणून तर ऑइल प्रेशर पडत होतं. लाइन बोअर करून, म्हणजे घरं एका रेषेत परत कोरून, बाहेरून ०.५० मिमी जाड बेअरिंग घातली. नवी ॲल्युमिनियमची केस घ्या असं त्यांनी सुचवलं होतं, ती टिकाऊ पण जड, आणि माझ्या विमानाच्या नाकात आधीच वजन जास्त आहे म्हणून मी नको म्हटलं. त्यांनी कागदावर लिहून ठेवलं, 'मालकाच्या निर्णयाने जुनी केस'. जरा टोचलं मला ते. पण बरोबर आहे.

आता तो कागद. ह्या सगळ्या रिव्ह्यूत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा कागद. आधीच्या शॉपने मला बिल दिलं होतं, ह्यांनी बिलाबरोबर मोजमापांची चार पानं दिली. प्रत्येक जर्नलचा व्यास दोन दिशांनी, प्रत्येक बेअरिंगची क्लिअरन्स, रॉडची वजनं, रिंगची गॅप चारही सिलिंडरची वेगवेगळी, कुठला नट किती न्यूटन मीटरला आवळला, ८ मिमी स्टडची हेड २५ ला, केसचे मोठे नट ३४ ला, आणि समोर तारीख आणि सही. क्रँकचा एंड प्ले, म्हणजे तो पुढेमागे किती सरकतो ते, ०.०९ मिमी, मर्यादा ०.०७ ते ०.१३. हा एंड प्ले फ्लायव्हीलकडच्या पहिल्या बेअरिंगवर तीन शिम (पातळ चकत्या) घालून सेट करतात. गाडीत त्या थ्रस्टच्या कडेवर जोर येतो तो क्लच दाबला तेवढ्यापुरता. विमानात प्रॉप अख्खा वेळ क्रँकला पुढे ओढतो आणि तो सगळा जोर क्रँकच्या दुसऱ्या टोकाला त्या एका कडेवर येतो. म्हणजे आधीच्या शॉपने एंड प्ले किती ठेवला होता हे मला आजही माहीत नाही. माहीत असतं तर १८० तासांत किती झीज झाली ते कळलं असतं. कागद नसेल तर पुढच्या वेळी मोजून कशाशी ताडून बघणार?

दोन ठिकाणी वाद झाले आमचे. पहिला कॉम्प्रेशनचा. काकांनी हेडमधली चेंबर ब्युरेटने मोजली, ५२ सीसीच्या आसपास निघाली, सिलिंडर ४५८ सीसीचा, डेक, म्हणजे पिस्टन वर आल्यावर सिलिंडरच्या कडेपासून राहणारं अंतर, दीड मिमी धरला तर रेशो ८.४ येतो. मला वाटलं झकास, जास्त पॉवर. काका म्हणाले साडेसात, त्याच्या वर मी बांधणार नाही, पाहिजे तर दुसरीकडे न्या. कारण गाडी बहुतेक वेळ वीस-पंचवीस टक्के पॉवरवर चालते आणि विमान ७५ टक्क्यांवर तासभर, चढताना पूर्ण थ्रॉटल, आणि एअर-कूल्ड हेडला उष्णता झटकायला मर्यादा आहे, त्यात पेट्रोल जरा हलक्या दर्जाचं मिळालं की नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) आणि कॉकपिटमधे प्रॉपच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. चेंबर ६० सीसीला मोकळी केली, चारही सारखी, रेशो ७.५. दोन-तीन घोडे गेले असतील. चढताना जाणवतात का? हो, थोडे. हेड टेंपरेचर बघितलं की दुःख कमी होतं.

दुसरा वाद रिंग गॅपचा, त्यांनी ०.४५ ठेवली, मी कुठेतरी वाचून ०.३० म्हणत होतो. त्यांनी समजावलं की सतत गरम राहणाऱ्या इंजिनात रिंग फुगून टोकं एकमेकांना टेकली तर सिलिंडर ओरबाडला जातो, थोडी गॅप जास्त असेल तर फार तर थोडं ऑइल जातं. मी गप्प.

एक काम त्यांनी न सांगता केलं त्याबद्दल वेगळे मार्क. नव्या हेडांच्या फिनमधे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांमधे) ओतकामाचा पत्र्यासारखा पापुद्रा राहिलेला असतो, हवा जायच्या जागाच बंद. त्यांनी लांब ड्रिल आणि कानस घेऊन एकेक फट हाताने मोकळी केली. बिलात वेगळं लावलं नाही. मला ते दिसलंही नसतं, ताईंनी कागदावर लिहिलं म्हणून कळलं.

क्रँक नवा घेतला, फोर्ज्ड, काउंटरवेटवाला, आणि प्रॉप ज्यावर बसतो तो हब चावीच्या भरवशावर न ठेवता गरम करून श्रिंक-फिट केलेला, त्याच्यासोबत पुढचं बेअरिंग मोठं. हाच विचार दुसऱ्या इंजिनांतही आहे हे तिथे बसून कळलं. बाजूच्या स्टँडवर एक शेव्हर्ले कॉर्व्हेअर गाडीचं इंजिन होतं, २.७ लिटरचं फ्लॅट-सिक्स, त्याचेही क्रँक उडताना तुटले आहेत म्हणून आता प्रॉपच्या बाजूला पाचवं बेअरिंग जोडतात. आणि एक सुबारू ईए८१, १७८१ सीसी, त्याचा कॅम गिअरवर चालतो म्हणून टायमिंग बेल्ट तुटायची भीती नाही, पण त्याला प्रॉप सहसा थेट लावत नाहीत, प्रॉपचा वेग कमी करणारा रिडक्शन ड्राइव्ह लागतो आणि तिथे पिळाच्या कंपनांची वेगळी डोकेदुखी. काकांचं मत, सुबारूचं इंजिन सहसा मरत नाही, ड्राइव्ह मरतो. मला अनुभव नाही, त्यांना आहे.

आता वाईट भाग. आठ आठवडे सांगितले होते, पाच महिने लागले. हेड बाद झालं, क्रँक बाद झाला, ते आधी माहीत नव्हतं, मान्य, दोन महिने त्यात समजू शकतो. पण फोन करायचा मीच, दरवेळी. पुढच्या आठवड्यात, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मी विचारायचं सोडून दिलं आणि तेव्हाच इंजिन तयार झालं. बिलही अंदाजापेक्षा एक तृतीयांशाने फुगलं. प्रत्येक वाढ कागदावर होती, कारणासकट, त्यामुळे भांडायला जागा नव्हती, पण अंदाज देताना क्रँक आणि हेड दोन्ही बाद निघू शकतात एवढं म्हणाले असते तर मी मनाची आणि खिशाची तयारी ठेवली असती.

रन-इन, म्हणजे नवीन इंजिन पहिल्यांदा चालवून बसवणं, त्यांच्याच टेस्ट स्टँडवर झालं आणि हे फार महत्त्वाचं आहे, ज्यांच्याकडे स्टँड नाही त्यांच्याकडे देऊ नका असं मी म्हणेन. ह्या कॅमवर टॅपेट सपाट तळाचे घासतात, नवीन कॅमला पहिली वीस मिनिटं २००० च्या वर चालवावं लागतं, कारण कॅमला ऑइल मिळतं ते क्रँकच्या उडणाऱ्या ऑइलमधून, आयडलला ते पुरत नाही. ऑइलमधे झिंक भरपूर पाहिजे. पण जमिनीवर उभ्या विमानात एअर-कूल्ड इंजिन वीस मिनिटं २००० ला चालवलं तर हेड भाजून निघतात. हे कोडं ते क्लब प्रॉपने सोडवतात, आखूड, रुंद पात्यांचा लाकडी प्रॉप, जो ओढत काही नाही पण इंजिनावर हवा मारतो आणि लोड देतो. लोड पाहिजेच, रिंगांच्या मागे दाब आला तरच त्या सिलिंडरला चिकटून घासून बसतात, गोंजारत आयडलवर चालवलं तर सिलिंडरला काचेसारखी चमक येते आणि मग ते इंजिन जन्मभर ऑइल पितं. दोन तास चालवून, हेड परत टॉर्क करून, टॅपेट बघून, ऑइल बदलून माझ्या हातात दिलं.

मी बसवलं, काऊल (इंजिनावरचं झाकण) लावला, जमिनीवर ठीक. पहिल्या उड्डाणात पूर्ण थ्रॉटल, सपाट चढण, वेग जास्त ठेवून, सांगितलं तसंच. चौथ्या मिनिटाला मागचे दोन, १ आणि ३, हेडला २१० अंश सेल्सियस आणि चढतेच आहेत. सतत चालवायला मी २०० ची रेघ धरतो, थोड्या वेळापुरती २३०. पॉवर कमी केली, चक्कर मारून उतरलो. नवीन इंजिन घर्षणामुळे जरा गरम चालतं हे माहीत होतं, म्हणून दुसऱ्यांदाही गेलो. तेच. मग बॅफल (हवा वळवणारे पडदे) बघितले, रबराच्या पट्ट्या बघितल्या, इग्निशन टायमिंग बघितलं, जेट बघितला, दोन आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी टॉर्च घेऊन इंजिनाखाली आडवा झालो आणि लक्षात आलं की सिलिंडरखालचे पत्रेच नाहीत.

बीटलच्या इंजिनात प्रत्येक बाजूच्या दोन सिलिंडरच्या मधे खालून एक छोटा वाकवलेला पत्रा असतो. वरून आलेली हवा सरळ खाली पळून जाऊ नये, सिलिंडरच्या पोटाला वळसा घालून खालच्या फिन धुऊन मग जावी म्हणून. गंजके, तेलकट, दिसायला भंगार. गाडीवाले हौशी लोक काढून फेकतात आणि मग इंजिन गरम का होतं म्हणून विचारत फिरतात, आणि विमानात तर पंखा नाही, जी काय हवा येते ती समोरून, एक थेंब वाया घालवून चालत नाही. माझे पत्रे उघडताना मी स्वतः टेबलावर ठेवलेले आठवत होते. फोन केला. काका म्हणाले पत्रे तुम्हीच नेले असतील. मी म्हटलं काका, कागद बघा. चार पानं मोजमापांची, आणि पत्र्यांचा उल्लेख कुठेच नाही! बांधून झाल्यावरच्या यादीत पण नाही. जे मोजता येत नाही ते त्यांच्या कागदावर येत नाही, असा प्रकार. पलीकडे बराच वेळ शांतता, मग ताई फोनवर आल्या आणि म्हणाल्या, सापडले तर पाठवते. पाचवा स्टार तिथे गेला. मी तोवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन कापून, वाकवून, तारेने बांधले आणि मागचे दोन्ही सिलिंडर चढताना १९० च्या आत आले. दोन तुकडे पत्रा, दुसरं काही नाही.

अजून एक बारीक तक्रार. पहिल्या ऑइल बदलात गाळणीवर सिलिकॉन सीलंटचा एक धागा निघाला, केसच्या जोडातून आत पिळला गेलेला. ह्या इंजिनात मूळची फक्त जाळीची गाळणी असते, माझ्याकडे त्यांनीच वेगळा फुल-फ्लो फिल्टर लावून दिलाय म्हणून काळजी कमी, पण असा धागा ऑइलच्या वाटेत अडकला तर बेअरिंग कोरडं पडतं. हात आखडता घेऊन लावायचं असतं ते. कळवलं, माफी मागितली, विषय संपला.

आज ६२ तास झाले. लीक-डाउन ७६, ७७, ७५, ७७. गरम ऑइल प्रेशर ३००० ला ३८. टॅपेट तीनदा बघितले, पहिल्यांदा किंचित हलले होते, नंतर ३ नंबरचा एक्झॉस्ट ०.१५ वरच उभा आहे, आणि मी दरवेळी आधी तोच बघतो. फिल्टर कापून उघडतो, पहिल्या दोन वेळा बारीक चमक होती, रिंगा बसतानाची, आता कागद स्वच्छ. ऑइल दहा तासांत पाव लिटरच्या आत. कंपनं कमी झालीत, पण ते क्रँकमुळे की रॉडच्या वजनांमुळे की प्रॉप परत बॅलन्स केल्यामुळे ते सांगता येणार नाही, तिन्ही एकदमच झालं.

ज्यांना बटण दाबून उडायचंय, दोन हजार तास उघडायचं नाही असं इंजिन पाहिजे, त्यांनी ह्या भानगडीत पडू नये, रोटॅक्स घ्या, लायकमिंग घ्या, सुखाने उडा. ज्यांना २५ तासांनी टॅपेट बघायला आवडतं त्यांनी अशा शॉपकडे जावं. जाताना विचारा, मला मोजमापांचा कागद मिळेल का, आणि आधीच्या कुठल्यातरी इंजिनाचा कागद दाखवा. टाळाटाळ झाली तर उठून या. क्रँक कोण घासतं विचारा, फिलेटची त्रिज्या किती ठेवता विचारा, समोरचा गोंधळला तर तेही उत्तरच आहे. आणि निघताना उघडलेल्या प्रत्येक पार्टचे फोटो काढा, भंगार दिसणाऱ्यांचे आधी.

लिहायचं राहिलं, मागच्या आठवड्यात पार्सल आलं. ताईंनी पाठवलेले पत्रे, साफ केलेले, काळा रंग मारलेले, सोबत चिठ्ठी, 'बाकाखालच्या खोक्यात होते, चूक आमची.' माझे दोन होते ते लगेच ओळखू आले, एकाला माझ्याच हातचा जुना वेल्ड आहे. पण पार्सलमधे तीन होते. तिसरा कोणाचा ते त्यांनाही माहीत नाही, तेव्हा कोणाचे मागचे सिलिंडर उगाच गरम होत असतील आणि इंजिन हल्लीच बांधून आणलं असेल, तर जरा टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा.